पुनःसंयोजित गॅल४: लेबलावरचे मायक्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष बांधणारे रेणू

रिकामी_लेन (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी. करते. आमचा गट मानवी पेशींच्या केंद्रकांचा अर्क घेऊन त्यात, परीक्षानळीतच, डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रिया म्हणजे प्रतिलेखन चालवून पाहतो. ही क्रिया हव्या त्या जनुकावर सुरू करून देण्यासाठी आम्हाला एक भरवशाचे सक्रियक प्रथिन लागते, आणि या कामाला जगभर यीस्टचे गॅल४ वापरतात. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, गॅलॅक्टोज ही साखर पचवणारी जनुके चालू करणे एवढेच याचे मूळ काम. पण त्याचे तुकडे ई. कोलाय जीवाणूत बनवून घेता येतात आणि माणसाच्या पेशींच्या अर्कातही ते निमूटपणे काम करतात, म्हणून हे प्रथिन आपले घर सोडून कितीतरी प्रयोगशाळांत जाऊन बसले आहे.

वेळ वाचावा म्हणून मी ते विकत मागवले. कुपीवर १०० मायक्रोग्रॅम, अमिनो आम्ले १ ते १४७, हिस्टिडीनचा टॅग (शुद्धीकरणात निकेलला धरणारी छोटी शेपटी), शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक, असे लिहिलेले होते. पुरवठादाराचे नाव घेत नाही. प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे एसडीएस जेल कुमासी या रंगाने रंगवल्यावर एकच ठळक निळा पट्टा आला आणि मी खूश झाले. त्यानंतर जेल शिफ्ट केले, म्हणजे प्रथिन बसल्यामुळे डीएनएचा पट्टा जेलमध्ये वर अडकतो का ते पाहिले: गॅल४ची सतरा बेस-जोड्यांची जागा असलेला छोटा डीएनए प्रोब म्हणून, ५ टक्क्यांचे जेल, कोल्ड रूममध्ये चार अंशांवर. प्रथिन वाढवत नेलेल्या आठ लेनपैकी सहा लेनमध्ये प्रोब जसाच्या तसा तळाशी पळालेला होता, सातवीत वरपासून खालपर्यंत धुरासारखा ओघळ होता आणि आठवीत सगळा माल खोबणीतच अडकून पडला होता. तीन वेळा हेच झाले. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की शुद्धतेची हमी आहे, कार्यक्षमतेची चाचणी आम्ही करत नाही. उत्पादनपत्रकात ते बारीक अक्षरांत होतेही. मीच वाचले नव्हते.

आता स्वतःच बनवावे असे ठरवले आहे. पूर्ण लांबीचे गॅल४ बनवावे की तुकडा पुरेसा आहे, आणि बनवलेले प्रथिन खरोखर काम करते हे प्रयोगात घालण्याआधी कसे ठरवावे, याबद्दल ज्यांनी हे हाताने केले आहे त्यांनी सांगावे, ही विनंती.

जुना_जेलवाला

आधी एक कटू गोष्ट सांगतो. तुम्ही मागवलेला तुकडा अगदी उत्तम चालला असता, तरी तुमचा प्रयोग चालला नसता. १ ते १४७ हा गॅल४चा डीएनएला बांधणारा भाग आहे. तो आपल्या जागेवर जाऊन बसेल, पण बसण्यापलीकडे काही करणार नाही, कारण प्रतिलेखनाची यंत्रणा बोलावून आणणारा भाग त्यात नाही. नियंत्रण म्हणून तो हवाच, पण सक्रियक म्हणून त्याचा उपयोग नाही.

या दोन कामांचे वेगळेपण हीच गॅल४ची खरी देणगी आहे. पूर्ण प्रथिन ८८१ अमिनो आम्लांचे, वजन सुमारे ९९ किलोडाल्टन. हार्वर्डला मार्क टाश्नी यांच्या प्रयोगशाळेत १९८५मध्ये रॉजर ब्रेंट यांनी गॅल४ला जीवाणूच्या लेक्स-ए या प्रथिनाचे डीएनए-बंधक टोक जोडले आणि दाखवले की हे जोडप्रथिन यीस्टमध्ये लेक्स-एच्या जागेवर बसून जनुक चालू करते. म्हणजे कुठे बसायचे हे एक टोक ठरवते आणि बसल्यावर काय करायचे हे दुसरे. १९८७पर्यंत तिथेच स्पष्ट झाले की सक्रियकाचे काम मुख्यतः ७६८ ते ८८१ या शेपटीत आहे, १४८ ते १९६ या पट्ट्यातही काही प्रमाणात आहे, आणि मधला बराच मोठा भाग काढून टाकला तरी प्रथिन जनुक चालू करते. दोन प्रथिने एकमेकांना धरतात का, हे ओळखण्याची यीस्ट टू-हायब्रिड पद्धत फील्ड्स आणि साँग यांनी १९८९मध्ये मांडली, ती याच दोन तुकड्यांना वेगळे करून.

म्हणून पूर्ण लांबीच्या मागे लागू नका. ई. कोलायमध्ये एवढे मोठे, मधे सैल भाग असलेले प्रथिन बनवायला गेले की जीवाणूची प्रथिने कापणारी विकरे त्याचे तुकडे पाडतात आणि जेलवर शिडी दिसते. तुमच्या कामाला १९८८पासून रूढ असलेले जोडप्रथिन घ्या: गॅल४चे १ ते १४७ आणि त्याला जोडलेला नागीण-कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या व्हीपी१६ प्रथिनाचा ४१३ ते ४९० हा भाग. आकाराने लहान, जीवाणूत बनायला सोपे, आणि सक्रियक म्हणून इतके जोरकस की त्याचा जोर हीच कधीकधी अडचण होते.

जिज्ञासू_बीएस्सी

विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी एक शंका विचारते. प्रथिन यीस्टचे आहे, तर ते जीवाणूत का बनवायचे? यीस्ट तर पिंपभर वाढवता येते. त्यातूनच काढून घेतले तर ते अस्सल तरी असेल.

जुना_जेलवाला

शंका रास्त आहे आणि सुरुवातीच्या काळात सगळ्यांनी तोच विचार केला होता. अडचण अशी की पेशीला गॅल४ फारच थोडे लागते. गॅलॅक्टोजच्या जनुकांपुढे त्याच्या जागा मोजक्याच असतात. गॅल१ आणि गॅल१० यांच्या मधल्या पट्टीत चार आहेत. एवढ्या जागा भरायला पेशीत त्याचे फार थोडे रेणू असले तरी भागते, त्यामुळे पिंपभर यीस्टमधून हाती लागणार किती?

मग यीस्टलाच ते भरपूर बनवायला लावावे, तर यीस्ट आजारी पडते. जोरकस सक्रियक प्रमाणाबाहेर झाला की तो डीएनएवर न बसताच यंत्रणेचे घटक स्वतःपाशी अडकवून ठेवतो आणि बाकीची जनुके उपाशी राहतात. गिल आणि टाश्नी यांनी १९८८मध्ये हे वर्णन केले. इंग्रजीत त्याला स्क्वेल्चिंग म्हणतात, मी वर्गात ‘गळा दाबणे’ असे सांगत असे. गंमत अशी की या दुखण्यातूनच मोठा शोध लागला. गॅल४-व्हीपी१६चा अतिरेक सहन करून जगणारी उत्परिवर्ती यीस्ट १९९२च्या सुमारास शोधण्यात आली आणि त्यातून एडीए२ हे जनुक मिळाले, जे पुढे सागा नावाच्या मोठ्या प्रथिनसमूहाचा भाग असल्याचे कळले. विष पचवणारा सापडला की विष नेमके कुठे लागते ते कळते, तसा हा प्रकार होता.

जीवाणूकडे यीस्टसारखी प्रतिलेखनाची यंत्रणाच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी गॅल४ हा केवळ एक ओझ्याचा रेणू असतो. तो मुकाट्याने बनवतो. मात्र त्याने बनवलेल्या प्रथिनावर यीस्टमध्ये होणारे फॉस्फेटचे शिक्के नसतात. पूर्ण गॅल४मध्ये ६९९व्या जागचे सेरीन फॉस्फेटयुक्त होणे यीस्टमध्ये पूर्ण प्रतिसादासाठी लागते. तुमच्या तुकड्यात ती जागाच नाही, त्यामुळे इथे तो प्रश्न उद्भवत नाही.

पवईकर

जुना_जेलवाला यांनी लांबीचे उत्तर दिले आहे. मी जस्ताबद्दल लिहितो, कारण धागाकर्तीच्या त्या आठ लेन वाचताना माझा संशय तिकडेच गेला.

गॅल४च्या डीएनए-बंधक टोकात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सहा ठिकाणी आहे: ११, १४, २१, २८, ३१ आणि ३८ या जागांवर. हे सहा मिळून जस्ताचे दोन अणू धरून ठेवतात आणि त्या दोन अणूंभोवतीच साखळीला घडी पडते. जस्त गेले की घडी मोडते आणि प्रथिनाचे डीएनए ओळखण्याचे तोंडच राहत नाही. याचा पहिला सुंदर पुरावा जनुकशास्त्रातून आला: १९८७मध्ये मार्क जॉन्स्टन यांनी दाखवले की या टोकात बिघाड असलेले एक उत्परिवर्ती गॅल४ वाढीच्या माध्यमात जस्त जास्त घातल्यावर पुन्हा काम करू लागते. पुढे कोलमन यांच्या प्रयोगशाळेने जस्ताच्या जागी कॅडमियम घालून एनएमआरने दोन धातूंची ती गाठ प्रत्यक्ष पाहिली, आणि १९९२मध्ये १ ते ६५ या तुकड्याची डीएनएसह स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्यावर चित्र पूर्ण झाले. दोन रेणूंची जोडी, प्रत्येकाचे जस्ताचे डोके सतरा बेस-जोड्यांच्या एकेका टोकाला असलेले सीजीजी हे त्रिकूट पकडते, आणि मधल्या अकरा बेस-जोड्यांवरून दोघांना सांधणारा दुवा जातो.

आता व्यवहाराचे. ईडीटीए हा धातू वेचून घेणारा पदार्थ आपल्या प्रयोगशाळांत मिठासारखा सगळीकडे पडलेला असतो: पेशी फोडण्याच्या द्रावणात, प्रथिनरक्षक गोळ्यांमध्ये, साठवणीच्या बफरमध्ये. थोड्या वेळाच्या संपर्काने लगेच सगळे संपते असे नाही, जेल चालवण्याच्या ०.५ पट टीबीई या बफरमध्ये एक मिलिमोलर ईडीटीए असूनही अनेकजण त्यात जेल चालवतात आणि पट्टे मिळतात, कारण डीएनएवर बसलेली जोडी जस्त सहज सोडत नाही आणि जेल दोनेक तासांत संपते. पण त्याच ईडीटीएमध्ये प्रथिन महिनोन्महिने ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या कुपीबरोबर आलेल्या कागदावर बफरची घटकसूची असेल, ती पाहा.

जाता जाता: गॅलॅक्टोजच्या या कळीवर आपल्याकडेही मोलाचे काम झाले आहे. गॅल३ हे प्रथिन गॅलॅक्टोजची वर्दी देते, ती मिळाल्यावर रोखून धरणाऱ्या गॅल८० या प्रथिनाची गॅल४वरची पकड सुटते, या उलगड्यात आयआयटी मुंबईचे प्रा. पी. जे. भट यांचा वाटा मोठा आहे. आमच्यासारख्यांनी यीस्टला साखर घालायला तिथल्याच प्लेटांवर शिकले.

रिकामी_लेन

पवईकर, तुमचा संशय खरा निघाला. कागदावर लिहिले आहे: ट्रिस, मीठ, ग्लिसरॉल आणि १ मिलिमोलर ईडीटीए. जस्ताचा उल्लेख नाही. ज्या प्रथिनाचे सगळे कर्तृत्व जस्ताच्या दोन अणूंवर उभे आहे, ते जस्त ओढून घेणाऱ्या द्रावणात घालून विकले जाते, हे वाचून हसावे की रडावे कळेना. बहुधा सगळ्याच प्रथिनांना तोच एक बफर लावत असावेत.

माझी चूकही कबूल करते. काल गॅल४-व्हीपी१६चे पहिले शुद्धीकरण केले. पेशी फोडताना फ्रीझमध्ये होती ती प्रथिनरक्षक गोळी टाकली, आणि अर्क निकेलच्या कॉलममधून सोडल्यावर फिकट निळा राळेचा थर माझ्या डोळ्यांदेखत वरून खाली पांढरा होत गेला. गोळीत ईडीटीए होते. निकेल वाहून गेले, त्याबरोबर माझे प्रथिनही गाळातच गेले. दुसऱ्यांदा ईडीटीए नसलेली गोळी घेतली, पण बफरमध्ये डीटीटी हे क्षपणक जास्त झाले आणि या वेळी थर तपकिरी झाला. दोन दिवसांत एका कॉलमचे तीन रंग पाहिले.

जुना_जेलवाला

तपकिरी झाला म्हणजे डीटीटीने निकेलचे क्षपण केले. त्याऐवजी टीसीईपी वापरा किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल थोड्या प्रमाणात ठेवा. सिस्टीन मोकळे राहण्यासाठी क्षपणक हवाच, तो पूर्ण वगळू नका. पेशी वाढवण्याच्या माध्यमात आणि पुढच्या प्रत्येक बफरमध्ये १० मायक्रोमोलर जस्ताचा क्षार घाला. जास्त घालू नका, फॉस्फेट बफर असेल तर जस्ताचा पांढरा गाळ बसतो आणि तुम्ही पुन्हा इथे तक्रार घेऊन याल.

टॅग नसलेल्या काळात आम्ही हे प्रथिन पॉलिइथिलीनइमाइनने खाली बसवून, मग हेपॅरिनच्या कॉलमवरून काढत असू. आज ते जुनाट वाटेल, पण त्या पायरीचा एक फायदा होता, जो टॅगच्या सोयीत हरवला. त्याबद्दल आणखी कोणी लिहील का? माझा हात टंकून दुखला.

शून्य_दशांश

लिहितो, कारण यावर मी दोन वर्षे फसलो होतो. तो फायदा म्हणजे न्यूक्लिक आम्लांची सफाई.

डीएनए पकडणे हाच ज्याचा धर्म, ते प्रथिन जीवाणू फोडल्याबरोबर त्या जीवाणूच्या डीएनए-आरएनएला चिकटते आणि कॉलमवर त्यांना बरोबर घेऊन येते. कुमासी फक्त प्रथिनाला रंगवते, त्यामुळे जेलवर पट्टा एकच दिसतो आणि शुद्धता ९५ टक्के भरते. प्रोबला बसायला जागा मात्र मिळत नाही, कारण बऱ्याच रेणूंचे हात आधीच दुसऱ्याच्या हातात असतात. धागाकर्तीच्या आठव्या लेनमध्ये खोबणीत अडकलेला माल असाच गठ्ठा असण्याची शक्यता आहे.

याहून वाईट म्हणजे त्यामुळे मोजणीच खोटी ठरते. गॅल४च्या १ ते १४७मध्ये ट्रिप्टोफॅन एकच आहे, ३६व्या जागी, आणि टायरोसीनही एकच, ४०व्या जागी. २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषणारे एवढेच. त्यामुळे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम शुद्ध तुकडा, म्हणजे सुमारे ६० मायक्रोमोलर, २८०ला जेमतेम ०.४२ एवढेच शोषण दाखवतो. आता त्यात मिलिलिटरला फक्त २० मायक्रोग्रॅम आरएनए राहिले आहे असे धरा. वजनाने ते दोन टक्के. ते २६०ला ०.५ आणि २८०ला साधारण ०.२५ शोषण स्वतःचे घालते. यंत्राच्या पडद्यावर ०.६७ उमटते आणि आपण आनंदाने दीड मिलिग्रॅमहून जास्त प्रथिन मिळाले अशी नोंद करतो.

म्हणून कॉलमवर प्रथिन बसलेले असताना एक मोलर मीठ घालून भरपूर धुवा. हिस्टिडीनची निकेलवरची पकड मिठाने सुटत नाही, डीएनएची प्रथिनावरची पकड सुटते. शेवटी २६० आणि २८०चे गुणोत्तर पाहा. ते एकच्या वर असेल तर प्रथिनाची मात्रा त्या आकड्यावरून काढू नका, आधी सफाई करा. मात्रा ब्रॅडफर्ड या रंगचाचणीनेही काढा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. ते जुळले नाहीत तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ल्युसिन_झिप

एवढा खटाटोप वाचून राहवत नाही. यीस्टचा दुसरा सक्रियक का घेत नाही? जीसीएन४ फक्त २८१ अमिनो आम्लांचे आहे. त्यात जस्त नाही, सिस्टीनची काळजी नाही. ल्युसिनच्या चेनने, म्हणजे झिपरसारख्या सांध्याने, दोन रेणू एकमेकांत अडकतात. त्या चेनची स्फटिकरचना १९९१मध्ये आली आणि आज गुंडाळलेल्या जोडसाखळ्यांचा अभ्यास करणारा प्रत्येक जण तिच्यापासून सुरुवात करतो. डीएनए धरणारा भाग डीएनए समोर येईपर्यंत सैल असतो आणि धरताना सर्पिल होतो, त्यामुळे शुद्धीकरणात घडी बिघडण्याची भीती कमी. ईडीटीए घाला, उणे ऐंशीला टाका, सहा महिन्यांनी काढा, जेल शिफ्टला पट्टा येतो. होप आणि स्ट्रूल यांनी १९८५मध्ये परीक्षानळीत बनवलेले जीसीएन४ हिस३ जनुकापुढच्या डीएनएला बांधून दाखवले, तेव्हापासून हे प्रथिन कधी रुसलेले मी पाहिले नाही.

पेशीतले त्याचे चरित्रही रंजक आहे. अमिनो आम्लांची उपासमार झाली की ते वाढते, आणि ते वाढवण्याची युक्ती प्रतिलेखनात नसून भाषांतरणात आहे: संदेशाच्या सुरुवातीला असलेल्या चार छोट्या वाचनचौकटी रायबोसोमला एरवी अडवतात आणि उपासमारीत पुढे जाऊ देतात. ॲलन हिनेबुश यांचे आयुष्यभराचे काम या चार चौकटींभोवती आहे. यीस्टमध्ये ते काही मिनिटांत नष्टही केले जाते, म्हणूनच अभ्यासासाठी जीवाणूत बनवलेलेच सोयीचे.

जुना_जेलवाला

ल्युसिन_झिप, जीसीएन४बद्दल तुम्ही लिहिलेले सगळे मान्य आहे, पण या धाग्यातल्या कामाला ते चालणार नाही. जीसीएन४ टीजीएसीटीसीए हा क्रम ओळखते. नेमका तोच क्रम माणसाच्या पेशीतले एपी-१, म्हणजे जुन आणि फॉस यांची जोडी, ओळखते; स्ट्रूल यांनीच दाखवले होते की जुनचे डीएनए-बंधक टोक जीसीएन४च्या टोकाच्या जागी चालते. मानवी केंद्रकांच्या अर्कात एपी-१ आधीच हजर असणार. मग जनुक चालू झाले ते तुमच्या प्रथिनाने की घरच्या प्रथिनाने, हे कसे सांगाल?

गॅल४ला मानवी पेशीत असा जुळा भाऊ नाही. सीजीजी, मग अकरा कोणतेही बेस, मग सीसीजी (समोरच्या धाग्यावर वाचल्यास तेच सीजीजी), या सतरा बेसच्या जागेवर जाऊन बसणारे दुसरे कोणी त्या अर्कात नसते. शांत घरात एकच माणूस बोलला की तो ऐकू येतो. ब्रँड आणि पेरिमन यांनी १९९३मध्ये फळमाशीत हव्या त्या ऊतीत हवे ते जनुक चालू करण्याची रीत घालून दिली, तीही याच शांततेच्या बळावर. जस्ताची कटकट ही त्या शांततेची किंमत आहे असे समजा.

तुमचे म्हणणे यीस्टच्या अर्काला किंवा निव्वळ बंधनाच्या अभ्यासाला लागू आहे. सक्रियक भाग मेडिएटरच्या, म्हणजे सक्रियक आणि प्रतिलेखनाची यंत्रणा यांना सांधणाऱ्या प्रथिनसमूहाच्या, घटकांना कसा धरतो, हे पाहायला जीसीएन४हून चांगले प्रथिन मलाही सुचत नाही. त्याचा सक्रियक भाग मेडिएटरमधल्या मेड१५ला धरतो तेव्हाही एका ठरावीक घडीत बसत नाही, निरनिराळ्या बाजूंनी टेकत राहतो, हे २०११मध्ये दिसले आणि आम्हा जुन्यांची कुलूप-किल्लीची सवय मोडली.

पवईकर

आता धागाकर्तीच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ: काम करणारे किती आहे हे कसे ठरवायचे. जेल शिफ्टमध्ये पट्टा आला म्हणजे काहीतरी काम करते एवढेच कळते. किती, हे कळायला प्रोब कमी ठेवून चालत नाही. प्रोब मुद्दाम जास्त ठेवायचा.

गॅल४ची आपल्या जागेवरची पकड नॅनोमोलरच्या आसपासची, चांगल्या परिस्थितीत त्याहूनही घट्ट असते. प्रोब १०० नॅनोमोलर घेतला की प्रत्येक सक्षम जोडी लगेच एक प्रोब पकडते आणि मोकळी राहत नाही. मग प्रथिन हळूहळू वाढवत जा आणि बांधलेला प्रोब मोजा. आलेख सरळ वर चढतो आणि एका बिंदूला आडवा होतो. सगळे प्रथिन सक्षम असेल तर तो कोपरा १०० नॅनोमोलर जोड्यांवर, म्हणजे सुट्या रेणूंत मोजल्यास २०० नॅनोमोलरवर यायला हवा. तो १००० नॅनोमोलरवर आला तर तुमच्या नळीत पाचातला एकच रेणू कामाचा आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रयोगात लेबलावरच्या आकड्याला पाचाने भागायचे.

दोन काळज्या घ्या. जोडी डीएनए नसतानाही टिकलेली असते असे गृहीत धरू नका; फार विरळ द्रावणात ती सुटू शकते, आणि त्याच विरळ द्रावणात प्रथिन प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीलाही चिकटते. म्हणून पातळ करण्याच्या बफरमध्ये थोडे बोवाइन अल्ब्युमिन घाला. दुसरे, बनावट जागेचे नियंत्रण ठेवा. सीजीजी बिघडवलेला प्रोब सगळेच घेतात. मी सुचवीन की मधल्या अकराऐवजी दहा बेस असलेला प्रोबही घ्या. ती जागा पुट३ या दुसऱ्या यीस्ट प्रथिनाची आहे, आणि सहा बेसचे अंतर असेल तर ती पीपीआर१ची होते. तिघांची डोकी तेच सीजीजी पकडतात. अंतर ठरवतो तो डोक्यामागचा छोटा दुवा. दुव्याची अदलाबदल केली की पसंतीही बदलते, हे रीस आणि टाश्नी यांनी १९९३मध्ये दाखवले. त्यामुळे दहाचा प्रोब रिकामा राहिला तर तुमचे प्रथिन नुसते डीएनएला चिकटत नाही, अंतर मोजून बसते, याची खात्री पटते.

शून्य_दशांश

पवईकरांच्या मापनात एक भर घालतो. हे मापन प्रत्येक खेपेला करा, एकदा करून आकडा भिंतीवर चिकटवू नका. नळी पाच वेळा गोठवून वितळवली की तो बदलतो. लहान लहान वाटे करून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशीला ठेवा आणि काढलेला वाटा परत आत टाकू नका. कंजूसपणाने परत टाकलेल्या नळ्यांनीच माझी दोन वर्षे खाल्ली.

रिकामी_लेन

तीन आठवड्यांनी परत येत आहे. उशीर झाला, पण सांगण्यासारखे काही घेऊन आले आहे.

तिसऱ्या शुद्धीकरणात कॉलम शेवटपर्यंत निळा राहिला. माध्यमापासून साठवणीपर्यंत १० मायक्रोमोलर जस्त ठेवले, टीसीईपी वापरले आणि एक मोलर मिठाने कॉलम इतका धुतला की शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने कपडे धुतेस का असे विचारले. मीठ लावण्याआधी थोडासा भाग मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता. त्याचे २६०-२८० गुणोत्तर १.६ होते, धुतलेल्याचे ०.७. कुमासीच्या जेलवर दोन्ही शेजारी शेजारी चालवले तर डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. ते जेल मी सुकवून वहीत चिकटवले आहे.

पवईकरांच्या रीतीने मापन केले. १०० नॅनोमोलर प्रोबवर आलेखाचा कोपरा सुमारे ३६० नॅनोमोलर सुट्या रेणूंवर आला, म्हणजे साधारण ५५ टक्के प्रथिन सक्षम आहे. विकतच्या कुपीत उरलेले प्रथिनही, ईडीटीए काढून आणि जस्त घालून, त्याच दिवशी त्याच जेलवर तपासले. थोडे परतले, पण दहा टक्क्यांच्या आतच. एकदा घडी मोडून गोळा झालेले रेणू नुसत्या जस्ताने जागे होत नसावेत.

पाच गॅल४-जागा आणि त्यापुढे ॲडिनोविषाणूच्या ई४ जनुकाचा प्रवर्तक (प्रतिलेखन जिथून सुरू होते तो पट्टा) असलेला डीएनएचा साचा घेऊन मानवी अर्कात प्रतिलेखनही करून पाहिले. गॅल४-व्हीपी१६ घातल्यावर आरएनएचा पट्टा स्पष्ट उजळला, नुसत्या १ ते १४७ने काही झाले नाही, आणि मात्रा दहापट केल्यावर पट्टा पुन्हा मंदावला. जुना_जेलवाला, तुमचे गळा दाबणे मी प्रत्यक्ष पाहिले. लेबलावरच्या आकड्यावर विसंबून मात्रा ठरवली असती, तर वाढले का आणि कमी झाले का, यातले काहीच मला लावता आले नसते.

पवईकर

अभिनंदन. पंचावन्न टक्के चांगला आकडा आहे, त्याला नावे ठेवू नका. दहा बेसच्या अंतराचा प्रोब लावला होता का?

रिकामी_लेन

लावला होता. अकराच्या प्रोबने जिथे पूर्ण पट्टा वर सरकला, त्याच मात्रेला दहाचा प्रोब सगळाच्या सगळा तळाशी होता. या धाग्यासाठी घेतलेले नाव त्या एका लेनपुरते मी अभिमानाने लावते.